हिरवी पट्टी

हेमांगी शिरसाटच्या दंडावरची पट्टी लाल झाली, तशी ट्रॅफिक शाखेच्या साहेबांनी तिला चौकातून उठवून सत्काराच्या मांडवामागे बसवलं. हवेचा दर्जा आता ट्रॅफिक हवालदाराच्या मूत्रपिंडांवरूनच ठरे: ती ठणठणीत असली तर दंडावरची पट्टी हिरवी, बिघडली तर लाल. आणि गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडनं हेमांगीची पार कामातून गेली होती. तिच्या जागी आंबोलीच्या डोंगरातल्या स्वच्छ हवेतून आणलेली धडधाकट शांभवी गावडे उभी राहिली.

“पट्टी हिरवी! हवा शुद्ध!” तपासणी पथकाचे प्रमुख गरजले. शांभवीच्या खांद्यावर शाल आली, हातात श्रीफळ आलं. पाहुण्यांच्या एसीसाठी गाड्या मात्र घुरघुरतच होत्या. भाषणं लांबली, शांभवीची पट्टी लालसर होऊ लागली.

“साहेब, पोरीकडे बघा!” हेमांगी ओरडली.

साहेबांनी बघितलं आणि शाल ओढून पट्टी नीट झाकली.

“हं, आता फोटो घ्या,” साहेब म्हणाले.