विसरलेली चावी

रॉकेटजवळ कुणी जाण्याआधी प्रमुखाने उड्डाणाच्या कंट्रोलरची चावी काढून खिशात घालायची, हा कॅन्ससच्या हौशी रॉकेट क्लबचा पहिला नियम. तीन वर्षांपूर्वी लोरेटा रॉकेटच्या वातीला तारा जोडत असताना प्रमुख वेंडेलने ती चावी लावूनच ठेवली, गडबडीत बटण दाबलं आणि रॉकेट पेटून तिचा डोळा गेला. "बाईनेच घाई केली," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. आज माळावर सगळ्यांसमोर तो स्वतःच्या रॉकेटवर वाकला होता आणि चावी पुन्हा कंट्रोलरलाच होती. लोरेटाने ती फिरवून बटणावर अंगठा ठेवला. कंट्रोलर सुरू झाल्याचा भोंगा वाजताच वेंडेल थिजला. "लोरेटा, चावी काढ." "जागचा हलू नकोस. त्या दिवशी चावी कोण विसरलं होतं, सांग." "मी," तो पुटपुटला. "मागे उभ्या असलेल्यांना ऐकू गेलं नाही," लोरेटा म्हणाली. "मीच विसरलो. खोटंही मीच बोललो." लोरेटाने चावी काढली, पण अंगठा उचलायला तिला जोर लावावा लागला.