शेजाऱ्याचं मत

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या आमच्या छोट्याशा गावात व्हर्ना दारोदार फिरत होती. बंदुकांवर कडक कायदा आणू म्हणणाऱ्या उमेदवारासाठी ती मतं मागत होती. शेजारच्या हार्लनने तिला दारातच अडवलं.

"आजोबांपासून आमच्या घरात बंदूक आहे. ती काढून घ्यायची कुणाच्या बापाची हिंमत नाही!"

"मत नको देऊस, पण ओरडू तरी नकोस रे. बायको वारल्यापासून फार चिडका झालायस."

मतदानाच्या दिवशी हार्लन मत देऊन थेट व्हर्नाच्या दारात आला. चादरीत गुंडाळलेली बंदूक त्याने तिच्या हातात दिली.



"मत तुझ्या विरोधातच दिलंय. पण ही तुझ्याकडे ठेव. घरात एकटा असलो की हल्ली माझाच मला भरवसा वाटत नाही."