आईची बेल

आजारपणात आईच्या उशाशी बिनतारी बटण होतं आणि हॉलमध्ये त्याची बेल. ती गेली, घरात बाबा आणि आम्ही उरलो, तरी बेल अधूनमधून वाजायचीच. तिच्या खोलीत डोकावायची कुणाची छाती होईना. शेवटी बायको म्हणाली, "ही ब्याद आधी घराबाहेर काढा." मी बेल खाली सोसायटीच्या ई-कचऱ्याच्या टेबलावर नेली.

चालू वस्तू मोडीत काढायची नाही, हा तिथल्या काकूंचा नियम. त्यांनी बेल प्लगला लावली आणि ती खणखणली.

"अहो, ठणठणीत आहे की! वरून कुणीतरी बोलावतंय तुम्हाला."

जिना चढलो आणि त्या खोलीचं दार ढकललं.



आईच्या पलंगावर बाबा बसले होते, बटण मुठीत धरून. "आलास एकदाचा! ती दाबायची, तेव्हा कसे धावत यायचात रे सगळे!"