शिवरामचं रोजचं गाणं

बँडमास्तरांनी फर्मावलं, "शिवराम, सव्वीस जानेवारीला तुझा सोलो. गाणं तूच निवड."

शिवराम हबकलाच. कारखान्याच्या बँडमध्ये तो युफोनियम वाजवायचा, म्हणजे ते पोटाशी धरायचं गलेलठ्ठ पितळी वाद्य. चाल नेहमी पुढच्या ट्रम्पेटवाल्यांची. याने मागून नुसती साथ द्यायची.

वाशीला सिडकोच्या घरी त्याने रेडिओवरची चार गाणी वाजवून पाहिली. बायकोने, जयमालाने, चारही नापास केली.

"मग तूच सांग काय वाजवू!" तो वैतागला.

"तुमचं ते रोजचं वाजवा की. पों पों, पोंऽऽ पों. अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे."

"अगं, ते गाणं नाही, ती साथ आहे. गाण्याची चाल वेगळीच असते."

"आम्हाला काय ठाऊक? तुम्ही घरी तेवढंच वाजवता."

शिवरामने तेच वाजवायचं ठरवलं. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "वाजव. ट्रम्पेट मागाहून घेऊ."

सव्वीस जानेवारीला पुढच्या रांगांत सगळी बिल्डिंगच येऊन बसली होती. शिवरामने सुरुवात केली आणि पोराटोरांसकट सगळे त्याच्याबरोबर गायला लागले, "पों पों, पोंऽऽ पों!" थोड्या वेळाने ट्रम्पेटवाल्यांनी मूळ चाल धरली.

तशा तळमजल्यावरच्या काकू जयमालाकडे झुकून फणकारल्या, "काय गं हे? आपल्या शिवरामभावजींच्या गाण्यात हे लोक मधेच भलतंच काय वाजवतायत?"