गेंचोच्या खिशातलं नाणं

"हळू मार रे मेल्या! पाठ आहे ती, नगारा नव्हे," त्सोना मावशी ओरडली आणि लगेच म्हणाली, "थांबलास का? अजून दोनदा मार."

गेंचोने रंगीत लोकर गुंडाळलेली, लाह्यांच्या माळा लावलेली काठी पुन्हा तिच्या पाठीवर हाणली. "ठणठणीत राहा, चूल पेटती राहो, पुढच्या वर्षी इथंच भेटू." समोरचे दोन दात नव्हते, त्यामुळे निम्मे शब्द हवेतच निसटले.

नव्या वर्षाची सकाळ. थंडी अशी की मावशीच्या कोंबड्याने पहाटे अर्धीच बांग दिली, उरलेली अर्धी चुलीजवळ बसून पुरी केली. निदान मावशी तरी तसं सांगत होती.

"माझ्या नवऱ्याला एका वर्षी अशी काठी लागली की तो बोटभर उंच झाला. सगळ्या विजारी आखूड!" तिने गेंचोच्या हातावर एक लेव्हचं नाणं ठेवलं, वर दोन अक्रोड. "कोटाचं बटण लाव. सर्दी झाली की माझ्याच डोक्याला ताप."

गावातल्या लहानांनी वर्षाच्या पहिल्या दिवशी मोठ्यांच्या पाठीवर काठी मारायची आणि मोठ्यांनी त्यांना नाणं द्यायचं. पूर्वी काठ्या घेऊन टोळकीच्या टोळकी फिरायची. पण गेंचोच्या बरोबरची सगळी सोफियाला गेली, जर्मनीला गेली. शाळेला कुलूप लागलं. काठी त्याच्याकडे राहिली ती राहिलीच.

नाण्यांचं त्याला काही नव्हतं. नऊ घरं, तेरा पाठी. सगळ्यांचं वर्ष तो सुरू करून द्यायचा. त्याच्या पाठीला मात्र काठी लागत नव्हती. मोठ्याने लहानाला मारून चालत नाही ना!

कोटाच्या आतल्या खिशात एक चांदीचं नाणं होतं. आईने जाण्याआधी दिलेलं. "गावात तुझ्यापेक्षा लहान कोणी आलं की त्याला दे," असं म्हणाली होती. गेंचो ते येताजाता अंगठ्याने चोळायचा. नाण्यावरच्या राजाचं नाक पार झिजून गेलं होतं.

"ऐकलंस का?" मावशी म्हणाली. "गिरणीजवळच्या घरात काल गाडी आली. रूमेनची मुलगी. कायमची राहायला आलीय म्हणे."

गेंचोने झटकन विचारलं, "केवढी आहे?"

"मी काय तिचे कागद बघितले? पण तू जन्मलास तेव्हा रूमेन बिनलग्नाचा होता, माझ्यामागे लाळ गाळत फिरायचा. आता तूच हिशोब कर."

गेंचो थेट निघालाच होता, पण वाटेत मेतोदी काका फाटकात पाठ वळवून तयार उभे. मारल्याशिवाय सोडतात कसले!

"काय बाळा, मोठा कधी होणार तू?"

"कोणी लहान येईल तेव्हा."

काका हसले आणि सोनेरी कागदातलं चॉकलेटचं नाणं त्याच्या खिशात कोंबलं. "नातवाने पाठवलंय तिकडून. तो इथं आला असता तर..." त्यांनी गेंचोच्या खिशावर थाप मारली. "खा गुपचूप. गोड बंद आहे ना तुझं? मी नाही सांगत कोणाला. आणि पुलावर धावू नकोस."

धावायची फार इच्छा होती. पण पुलावर बर्फ, म्हणून गेंचो दोन्ही हातांनी कठडा धरून, काठी बगलेत मारून पलीकडे गेला. गिरणीजवळच्या धुराड्यातून धूर निघत होता. त्या घरातून धूर! त्याने दोनदा डोळे पुसून पाहिलं.

तिला रीत माहीत नसली तर? दोन दिवसांत कंटाळून परत गेली तर? आणि मावशीचा काय भरवसा? बाई कोंबड्याला अर्धी बांग द्यायला लावते.

त्याने चांदीचं नाणं मुठीत घेतलं आणि दार वाजवलं.

"आले, आले!" आतून आवाज आला. कडी निघाली. रूमेनची मुलगी राइना दारात उभी राहिली. काठीकडे बघून तिचा चेहरा खुलला. "अगंबाई! अजून करता तुम्ही हे इथं? थांब, सुट्टे आणते."

"सुट्टे नको," गेंचो घाईघाईने म्हणाला. "आधी सांग, किती वर्षांची तू?"

"आल्या आल्या हे विचारतात होय रे?"

"सांग ना. खरं सांग."

तिने कमरेवर हात ठेवले. "अडुसष्ट. का?"

गेंचोने काठी तिच्या हातात दिली, नाणं पुढे धरलं, आणि कानटोपी सावरत आपली एकाहत्तर वर्षांची पाठ तिच्यापुढे वाकवली.