वळणावर डुलणारी गाडी

“वळण आलं की हिचा मागचा भाग डबक्याकडे निघालेल्या म्हशीसारखा डुलतो!” बाबा गाडीतून उतरत म्हणाले. “परवा आपल्या ताईला हिच्यात बसवायचं नाही. वरातीला भाड्याची गाडी आणू.”

काकांचा चेहरा पडला. आजोबांची ही गाडी त्यांनी जिवापाड जपलेली. घरातली प्रत्येक नवरी हिच्यातूनच सासरी गेलेली. त्यांनी मागचे शॉकअप नवे बसवले होते, टायरही बदलले होते, तरी डुलणं काही जाईना.

ताईच्या धाकट्या बहिणीने, दहावीतल्या ओवीने मात्र ओढणी कमरेला खोचली आणि ती सरळ गाडीखाली शिरली. “काका, बाजूने ढकला! अजून जोरात!” गाडी हलली आणि तिला दिसलं, की चाकं जागच्या जागी आहेत, पण वरची बॉडी कमानपाट्यांच्या स्प्रिंगवर आडवी सरकतेय. पाट्यांची टोकं घट्ट धरून ठेवणाऱ्या रबरी बुशला तिने बोट लावलं. रबर कसलं, लोणीच ते!

“काका, इथे तेल कोण ओततं?”

“मीच की! दर दसऱ्याला पूजा झाली, की सगळ्या पाट्यांना सढळ हाताने अभ्यंग.”

“अहो, तेलाने रबर कुजतं! तुमच्या मायेनेच खाल्लं हिला. यापुढे दसऱ्याला फक्त झेंडू!”

बाबा इतके हसले, की नवे बुश आणायला स्वतःच पळाले.

वरातीत देवळाजवळचं वळण आलं. ओवीने श्वास रोखला. गाडी ताठ मानेने वळली. बँडच्या तालावर डुलत होती, ती फक्त स्टिअरिंगमागची काकांची मान.