तळहाताएवढी

राईला आईच्या कुशीतून काढताना काकूंना आज जोर लावावा लागला. पिल्लू आचळ सोडेचना. शेवटी सुटलं, तेव्हा त्याच्या आईनं, मोहरी कुत्रीनं, मान वर करून काकूंकडे पाहिलं. तिच्या पोटावरची टाक्यांची रेघ अजून लाल होती. गुरगुरायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"पुरे झालं हं," म्हणत काकूंनी राईला वजनकाट्यावर ठेवलं. वजन कालच्यापेक्षा वाढलं होतं. काकूंनी तिला मोहरीपाशी परत न सोडता वेगळ्या टोपलीत ठेवलं.

'छोटूवाल्या काकू' म्हणून सगळं शहर त्यांना ओळखायचं. नवरा गेल्यावर त्यांनी या इवल्याशा कुत्र्यांची पिल्लं विकूनच घर चालवलं, लेकीला शिकवलं. सगळ्यात बारीक नर, सगळ्यात बारीक मादी, मग त्यांच्या पिल्लांतलं पुन्हा सगळ्यात बारीक, असं करत करत त्या मोहरीपर्यंत पोचल्या होत्या. मोहरी इतकी चिमुकली, की पिल्लं बाहेर यायला वाटच नव्हती. याही खेपेला पोट फाडावं लागलं. दोनातलं एक मेलेलंच निघालं. "काकू, अहो, हिच्या पोटात जागा तरी आहे का?" जनावरांचे डॉक्टर हात धूत म्हणाले होते. काकूंनी हसून वेळ मारून नेली होती.

उरलेली राई एका बाईंनी आधीच सांगून ठेवली होती. त्यांची अट एकच. कुत्री मोठी झाली तरी तळहातावर मावली पाहिजे. म्हणून काकू रोज अर्ध्या पोटी राईला बाजूला घेत.

आज मात्र हात धुवायचीही फुरसत मिळाली नाही. लेकीचा फोन आला. "आई, लगेच ये. बाळ कसंतरीच करतंय."

लेकीचं बाळंतपण दिवस भरायच्या आतच झालं होतं. बाळ काचेच्या पेटीत होतं. सगळ्या दवाखान्याला एकच ध्यास, त्याचं वजन वाढायला हवं. लेक दूध काढून द्यायची, नर्स ते नळीनं थेंब थेंब पाजायची. सकाळी वजन झालं की शेजारच्या पेट्यांपाशी उभ्या असलेल्या बायकाही विचारायच्या, "वाढलं का गं?" आणि 'हो' म्हटलं की अनोळखी बायका एकमेकींचे हात धरायच्या. काकूही धरायच्या.

काकू धापा टाकत पोचल्या तेव्हा लेक काचेला कपाळ टेकून उभी होती. आत बाळाचे हातपाय थरथरत होते. वाऱ्यावर पान हलावं तसे, थांबतच नव्हते. नर्सनं टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात पाहिलं आणि झरझर नळी जोडली.

"काय झालंय हो त्याला?" काकूंनी नर्सला विचारलं.

"साखर उतरलीय, आजी. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा कुठला असायला? थोडी उपासमार झाली तरी असं थरथरतं. घाबरू नका, वेळेवर कळलं."

थोड्या वेळानं थरथर थांबली. लेक खुर्चीत बसली. काकूंना मात्र बसवेना. त्या पेटीपाशी जात, दारापाशी येत, पुन्हा पेटीपाशी जात.

"आई, तुला काय होतंय?"

"काही नाही. घरी जाऊन येते."

त्या रस्त्यानं जवळजवळ पळतच निघाल्या. कुलूप उघडून थेट टोपलीकडे धावल्या.

राई टोपलीत एका कुशीवर पडली होती. डोळे अर्धवट मिटलेले. अंग थरथरत होतं.

काकूंनी बोटावर मध घेतला, तिच्या हिरड्यांना चोळला. पुन्हा घेतला, पुन्हा चोळला. तिला पदरात गुंडाळून छातीशी धरलं. "ए बाई, बघ ना माझ्याकडे," असं काहीबाही पुटपुटत राहिल्या. बऱ्याच वेळानं राईनं जीभ बाहेर काढून बोट चाटलं. काकूंनी तिला मोहरीच्या पोटाशी ठेवलं. राई चोखू लागली. या वेळी काकूंनी हात मागे बांधून घेतले.

तेवढ्यात त्या बाईंचा फोन आला. "काय म्हणतेय आमची तळहाताएवढी?"

"वाढतेय," काकू म्हणाल्या.

"म्हणजे? मोठी होणार की काय?"

"जगली तर होईल."

"मग आम्हाला नको हो. तिच्या आईची पुढची पिल्लं..."

"मोहरीला आता पिल्लं नाहीत. टाके भरले की डॉक्टरांकडे नेऊन तिचं पिल्लं बंद व्हायचं ऑपरेशन करून घेणार आहे मी. आणि आमच्याकडे इथून पुढे कुत्री विकायची नाहीत."

फोन ठेवला. सुटल्यासारखं वाटलं. राई पोटभर पिऊन झोपली होती, अंग अगदी शांत. पण काकूंचा पाय काही एका जागी ठरेना. त्या खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, उगाच टोपलीवरचं पांघरूण सारखं केलं. मोहरीच्या मागच्या वेतातलं एक पिल्लू रिटायर झालेल्या एका शिक्षिकेकडे दिलं होतं. एकट्याच राहायच्या. काकूंनी त्यांना फोन लावला.

"बाई, मी छोटूवाली काकू. पिल्लू बरं आहे ना?"

"अहो, मजेत आहे लाडोबा! आत्ताही मांडीवरच आहे. खाणं अगदी तुम्ही सांगितलंत तेवढंच देते, चिमूटभर," शिक्षिका कौतुकानं हसल्या. "आणि तुम्ही म्हणाला होतात ना, तस्सं, दिवसभर नुसतं लाडानं थरथरत असतं."